कच्चे लिंबू आणि निर्दय यंत्र : व्हिडिओ गेममधील कथा आणि बालपात्रांची विश्वसनीयता

१

बालपात्रांच्या संदर्भात समीक्षेत वारंवार घेतला जाणारा आक्षेप एकच असतो : या वयाचे मूल असे बोलत नाही, असा विचार करीत नाही. वास्तववादी कादंबरीच्या संदर्भात हा आक्षेप निदान तपासून पाहता येतो, कारण पात्राच्या भोवतीचे जग आणि वाचकाच्या भोवतीचे जग यांच्यात काही एक साधर्म्य गृहीत धरलेले असते. परंतु जी कथा मुळातच व्हिडिओ गेमच्या आत घडते, तिच्याबाबत या आक्षेपाचे स्वरूप चमत्कारिक होते. पडद्यातून आत ओढला गेलेला मुलगा, द्वेषावर चालणारे शस्त्र, शरण येणारे परग्रहवासी हे सारे वाचक विनातक्रार स्वीकारतो. आणि त्या मुलाच्या तोंडच्या एखाद्या प्रौढ वाक्यापाशी मात्र अडखळतो. ‘पोएटिक्स’मध्ये ॲरिस्टॉटलने अशक्य परंतु संभवनीय असलेल्याला शक्य परंतु असंभवनीय असलेल्याहून वरचे स्थान दिले. त्याचाच आधार घ्यायचा तर प्रश्न असा मांडावा लागतो : जग अशक्य असले तरी त्यातील मुलाच्या बाबतीत नेमके काय संभवनीय असले पाहिजे?

या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या भाषेत किंवा वयात शोधण्याऐवजी खेळाच्या स्वरूपात शोधणे अधिक फलदायी ठरते. आपल्याकडील मुलांच्या खेळांत दोन सवलती परंपरेने चालत आल्या आहेत. एक ‘कच्चे लिंबू’ : लहान भावंड खेळात असते, धावते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. दुसरी ‘टाइमप्लीज’ : एवढा शब्द उच्चारला की पाठलाग करणारा थांबतो, सुटलेली चप्पल नीट घालता येते, खरचटलेला गुडघा पाहता येतो, घरातून आलेल्या हाकेला ओ देता येते. या दोन्ही सवलती खऱ्या अर्थाने खेळाचे नियम नव्हेत. नियमांमागे उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेली ती मुभा असते. समोरचा खेळाडू दमतो, रडतो, लहान असतो, हे इतरांना दिसते म्हणूनच ती देता येते.

यंत्राला हे दिसत नाही. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याचे वय विचारीत नाही. त्याच्यापाशी गुण असतात, पातळ्या असतात आणि मोजून दिलेले ‘जीव’ असतात. म्हणून व्हिडिओ गेमच्या आत मूल ठेवणारा लेखक, त्याला जाणीव असो वा नसो, एक प्रयोग करीत असतो : बालपणाच्या सवलती काढून घेतल्यानंतर मुलात मूल म्हणून काय उरते? या कथाप्रकाराचा इतिहास पाहिला तर असे आढळते की बालपात्र विश्वसनीय होते ते बोबड्या किंवा निरागस बोलण्यामुळे नव्हे. ही हरवलेली सवलत ते कोणत्या रीतीने मागते, आणि ती नाकारली गेल्यावर काय करते, यावर त्याची विश्वसनीयता अवलंबून असते.

२

खेळाच्या आत गेलेल्या मुलाची पहिली महत्त्वाची कथा यंत्राच्या आधीची आहे. लुईस कॅरलचे ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ १८७१ च्या अखेरीस प्रकाशित झाले. त्यातील साडेसात वर्षांची ॲलिस बुद्धिबळाच्या पटासारख्या आखलेल्या प्रदेशात पांढरे प्यादे म्हणून शिरते आणि आठव्या घरात पोचून राणी होते. ॲलिस या खेळात सक्तीने ओढली गेलेली नाही. डोंगरावरून तो पट दिसताच आपणही त्यात असावे असे तिला वाटते. राणी व्हायला आवडेल, पण प्यादे होण्यालाही तिची हरकत नाही.

या कादंबरीतील संवाद वास्तवातील मुलाचे संवाद आहेत असे कोणी म्हणणार नाही. तरीही ॲलिस विश्वसनीय वाटते. याचे एक कारण असे की डावाच्या संपूर्ण आखणीचे ज्ञान तिला नाही. वाचकापुढे ग्रंथारंभीच चालींचा तक्ता ठेवला जातो. ॲलिसला मात्र समोरचे एकेक घर आणि त्यात भेटणारे एकेक विक्षिप्त पात्र एवढेच कळते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण शेवटाकडे आहे. राणीपद मिळाल्यानंतरच्या मेजवानीत गोंधळ असह्य होतो, तेव्हा ती टेबलावरचे कापड ओढून सारी मांडणीच कोसळवते आणि लाल राणीला धरून गदागदा हलवते. तक्त्याच्या दृष्टीने ती राणीला मारते आणि लाल राजावर मात करते. ॲलिसच्या दृष्टीने मात्र ती डाव जिंकत नाही, डाव मोडते.

योहान हुइझिंगाने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये लबाडी करणारा आणि डाव मोडणारा यांच्यात जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो. लबाडी करणारा खेळाचे वर्तुळ मान्य असल्याचे निदान दाखवतो. डाव मोडणारा त्या वर्तुळाचे अस्तित्वच संपवतो, म्हणून खेळणाऱ्यांचा राग त्याच्यावर अधिक असतो. ॲलिसपाशी ही शक्ती आहे, कारण कॅरलने स्वप्नाचा दरवाजा उघडा ठेवला आहे. तिला ‘टाइमप्लीज’ म्हणावे लागत नाही. ती जागी होऊ शकते.

३

यंत्र आल्यानंतर हा दरवाजा अरुंद होत गेला. १९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीने आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये जिंकण्याची सोयच नव्हती. एक रांग संपली की दुसरी उतरे. खेळ संपे तो खेळणाऱ्याच्या पराभवाने. पैसे टाकून चालणाऱ्या यंत्राला असा शेवट सोयीचा होता. कथेच्या दृष्टीने मात्र त्यातून एक नवे जग निर्माण झाले : जेथे शत्रू अगणित आहे, मृत्यू मोजता येतो आणि दयेचे बटण नाही. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटाने माणसाला यंत्राच्या आत नेले, पण तो माणूस प्रौढ, स्वतः खेळ रचणारा होता. मुलाला आत नेण्याचे काम बालसाहित्याने केले.

जिलियन रुबिन्स्टाइन यांची ‘स्पेस डीमन्स’ ही ऑस्ट्रेलियन कादंबरी १९८६ मध्ये आली. बारा वर्षांच्या अँड्र्यूला वडिलांनी जपानहून आणलेला एक नवा खेळ मिळतो. खेळणाऱ्याच्या मनातील द्वेष हे या खेळाचे इंधन आहे. द्वेष जागा झाला की त्यातील शस्त्र चालते. अँड्र्यूचे घर सधन आहे, पण ते मोडत चालले आहे. त्याच्या बरोबरीने ओढल्या गेलेल्या इलेनची आई घर सोडून गेलेली आहे. रुबिन्स्टाइन यांचे कौशल्य असे की मुलांचा द्वेष त्यांनी राक्षसी केलेला नाही. शाळेतला अपमान, मित्राविषयीचा मत्सर, आईवडिलांवरचा न बोललेला राग अशा अगदी रोजच्या गोष्टींतून तो साचलेला आहे. मैदानावरच्या भांडणात असा राग दिवेलागणीपर्यंत विरून गेला असता. यंत्र तो विरू देत नाही. ते त्याची नोंद ठेवते आणि परत करते. म्हणून सुटकेचा मार्ग अधिक अचूक नेमबाजीतून जात नाही. आपल्याच द्वेषाची ओळख पटण्यातून जातो.

टेरी प्रॅचेट यांच्या १९९२ मधील ‘ओन्ली यू कॅन सेव्ह मॅनकाइंड’मध्ये हाच प्रश्न विनोदाच्या अंगाने आणि अधिक राजकीय भान ठेवून येतो. जॉनी मॅक्सवेलही बारा वर्षांचा आहे. दूरचित्रवाणीवर १९९१ चे आखाती युद्ध चालू आहे आणि ते व्हिडिओ गेमसारखेच दिसते. घरात आईवडिलांचे बिनसले आहे. अशा वेळी मित्राने नक्कल करून दिलेल्या खेळातील स्क्रीवी नावाचे परग्रहवासी लढण्याऐवजी जॉनीला शरण येतात. माहितीपुस्तिकेत अशा प्रसंगाची तरतूद नाही. तो त्यांना सुखरूप सीमेपार नेण्याचे वचन देतो आणि परिणामी इतरांच्या पडद्यांवरून शत्रू नाहीसा होतो. लोक दुकानांत तक्रारी घेऊन जाऊ लागतात.

जॉनीची विश्वसनीयता त्याच्या शहाणपणात नाही. तो गोंधळलेला आहे. वचन दिल्यावर ते कसे पाळायचे हेही त्याला ठाऊक नाही. पण शत्रूने उच्चारलेले ‘टाइमप्लीज’ त्याला ऐकू येते, कारण ते ऐकण्याची सवय मुलांना असते. त्याच्या शेजारी प्रॅचेट यांनी कर्स्टी ही प्रत्येक बाबतीत जिंकणारी मुलगी उभी केली आहे. तिला थांबणे म्हणजे हरणे वाटते. दोघेही मुलेच आहेत. निरागसता हा बालपणाचा सर्वसाधारण गुणधर्म मानण्याचे प्रॅचेट टाळतात, आणि त्यामुळेच जॉनीचा निर्णय स्वभावाचा भाग न राहता निर्णय म्हणून उभा राहतो.

येथे पियाजे यांच्या १९३२ च्या मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण करून त्यांनी दाखवले की लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले, पवित्र व अपरिवर्तनीय वाटतात. साधारण दहाव्या-अकराव्या वर्षानंतर नियम हे परस्परसंमतीने ठरतात आणि बदलता येतात, ही जाण पक्की होते. अँड्र्यू आणि जॉनी हे दोघेही बारा वर्षांचे असणे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नियम बदलता येतो हे ज्या वयात नुकतेच उमगलेले असते, त्याच वयात त्यांची गाठ संमती न मागणाऱ्या नियमांशी पडते.

४

या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त मूल मात्र याहून पुष्कळ लहान आहे. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एन्डर्स गेम’ ही कथा १९७७ मध्ये ‘ॲनालॉग’ मासिकात आणि कादंबरी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. परग्रहावरील शत्रूशी लढण्यासाठी सेनापती घडवणाऱ्या शाळेत एन्डर दाखल होतो तेव्हा तो सहा वर्षांचा असतो. तेथे तीन प्रकारचे खेळ आहेत : वजनरहित दालनातील लुटुपुटूच्या लढाया, संगणकावरील एकट्याने खेळायचा कल्पनाखेळ आणि अखेरीस युद्धाची प्रतिकृती असलेला यंत्रखेळ.

या मुलांच्या बोलण्यावर व विचारांवर आक्षेप घेतले गेले. १९९१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कार्ड यांनी स्वतःच त्यांचा उल्लेख केला आहे. बुद्धिमान मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या एका समुपदेशक स्त्रीला ही मुले अत्यंत अवास्तव वाटली होती. त्यावर कार्ड यांचे उत्तर असे की लहानपणी आपल्याला आपण मूल आहोत असे कधी वाटलेच नाही. आपले विचार आणि भावना पूर्ण माणसाच्याच आहेत असे वाटे. हे उत्तर विचार करायला लावणारे आहे, पण पुरेसे नाही. स्वतःला मूल न समजणे हा मुलाचा अनुभव असू शकतो. परंतु दमणे, घाबरणे आणि कोणीतरी थांबवावे असे वाटणे हाही त्याच मुलाचा अनुभव असतो. कादंबरीचे सामर्थ्य लेखकाच्या या समर्थनात नाही. ते तिच्या दोन प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग कल्पनाखेळातील राक्षसाचा. राक्षस खेळणाऱ्यापुढे पेले ठेवतो. कोणताही उचलला तरी मृत्यूच येतो. एन्डर पुन्हा पुन्हा मरतो, आणि एके दिवशी पेले लाथाडून राक्षसाच्या डोळ्यात शिरून त्याला ठार करतो. प्रौढ निरीक्षकांना यात कर्तबगारी दिसते. एन्डरला मात्र आपण खुनी आहोत असे वाटते, आणि नंतर प्रत्येक वेळी तेथे गेल्यावर कुजत चाललेले ते प्रेत त्याला दिसत राहते. मेलेला शत्रू पडद्यावरून पुसला न जाणे ही कल्पना मुलाच्या मनाच्या जवळची आहे. खेळात लागलेले खरोखरचे लागते, ही ती जाणीव आहे.

दुसरा प्रसंग शेवटच्या परीक्षेचा. थकून गेलेल्या एन्डरपुढे अशक्य वाटावी अशी शत्रूची फौज ठेवली जाते. तो ठरवतो की इतका अन्यायाचा, नियमबाह्य डाव खेळायचा की हे लोक पुन्हा आपल्याला सेनापती करणार नाहीत. आणि तो शत्रूचा ग्रहच नष्ट करतो. त्यानंतर त्याला कळते की ही परीक्षा नव्हती, हा खेळही नव्हता. एक संपूर्ण जीवजात त्याच्या हातून नाहीशी झाली आहे. या कृतीकडे केवळ युद्धनीती म्हणून पाहिल्यास पात्र अविश्वसनीय राहते. ती ‘टाइमप्लीज’ची हाक म्हणून वाचली की तेच पात्र विलक्षण खरे वाटू लागते. ॲलिस मेजाचे कापड ओढते तेच एन्डर करतो. फरक एवढाच की त्याच्या पटाखालचे जग खरे आहे, आणि ही गोष्ट ज्यांना माहीत होती त्यांनी त्याच्यापासून ती लपवली. डाव मोडू पाहणाऱ्या मुलाची कृतीच मोठ्यांनी विजय म्हणून वापरून घेतली.

जॉन केसेल यांनी २००४ मधील आपल्या निबंधात या कादंबरीवर जो नैतिक आक्षेप घेतला तो येथेच लागू पडतो : हेतू निष्पाप असल्याने संहार करणाराही निष्पाप ठरतो, अशी मांडणी येथे होते. आक्षेप गंभीर आहे. परंतु त्यामुळे एन्डरची मूल म्हणून असलेली विश्वसनीयता कमी होत नाही. उलट ती जितकी वाढते तितका दोषाचा भार त्याला फसवणाऱ्या प्रौढांकडे सरकतो. आणि कादंबरी त्या प्रौढांना किती सहजपणे सोडून देते, हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

२०१३ च्या चित्रपटात एन्डरची भूमिका किशोरवयीन एसा बटरफिल्डने केली आणि कथेतील वय वाढले. सहा वर्षांचे शरीर पडद्यावर दिसले असते तर प्रेक्षकाला जे सोसले नसते, ते छापील शब्द झाकून ठेवतो, हे यावरून ध्यानात येते. याउलट २०१७ च्या ‘जुमांजी : वेलकम टू द जंगल’मध्ये चार शाळकरी मुले व्हिडिओ गेममध्ये शिरतात ती प्रौढ शरीरे घेऊन. ड्वेन जॉन्सनच्या धिप्पाड देहातील भेदरलेला मुलगा प्रेक्षक सहज मान्य करतो, कारण भय आणि संकोच कायम आहेत. मूलपण चेहऱ्यावर अवलंबून नसते याचा हा हलकाफुलका पण उपयुक्त पुरावा होय.

५

एकविसाव्या शतकात हा कथाप्रकार प्रामुख्याने जपानमध्ये वाढला. आता खेळ एकट्याचा राहिला नाही. हजारो लोक एकाच वेळी राहतात असे ते नगर झाले. रेकी कावाहारा यांची ‘स्वोर्ड आर्ट ऑनलाइन’ २००२ पासून संगणकजालावर आणि २००९ पासून ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा हजार खेळाडू अशा खेळात अडकतात की ज्यातून बाहेर पडण्याची सोयच काढून टाकलेली आहे, आणि खेळातील मृत्यू हा खरा मृत्यू आहे. ‘टाइमप्लीज’ नाहीसे होण्याची याहून थेट प्रतिमा सापडणे कठीण.

परंतु प्रतिमेतील ही शक्यता पात्रांत पुरेशी उतरत नाही. नायक किरितो चौदाव्या वर्षी अडकतो आणि सोळाव्या वर्षी सुटतो. या दोन वर्षांत त्याचे किशोरपण हरवले याची खंत निवेदनात क्वचितच उमटते. एकटेपणा हे जणू त्याच्या पराक्रमाचे भूषण होते. याच कथेतील युई ही छोटी मुलगी रानात सापडते, किरितो आणि असुना यांना बाबा-आई म्हणू लागते आणि शेवटी ती मूल नसून खेळाडूंच्या मानसिक स्वास्थ्यासाठी बनवलेली संगणकीय रचना असल्याचे उघड होते. युईच्या बालपणाचा उपयोग इतरांचे वात्सल्य जागे करण्यापुरताच आहे. तिला स्वतःसाठी काही मागायचे असते ते फारच थोडे. गंमत अशी की याच प्रकरणात प्रारंभनगरीतील चर्चमध्ये साशा नावाची तरुणी अडकलेल्या लहान खेळाडूंना सांभाळते आणि सैन्य म्हणवणारे मोठे खेळाडू त्यांच्याकडून कर उकळतात. त्या मुलांना कथेत नाव-गाव फारसे मिळत नाही. तरीही क्षणभर तीच सर्वांत खरी वाटतात.

मामारे तोउनो यांच्या २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लॉग होरायझन’ने हा धागा उचलला. येथेही हजारो जपानी खेळाडू खेळाच्या जगात अडकतात. त्यांपैकी मिनोरी आणि तोउया ही शाळकरी जुळी भावंडे ‘हामेलिन’ नावाच्या संघाच्या तावडीत सापडतात. नवख्या खेळाडूंना मिळणारे एक औषधी द्रव्य विकता यावे, म्हणून हा संघ लहानांना अक्षरशः डांबून ठेवतो. नवख्यांना खेळाने दिलेली सवलतच येथे शोषणाचे साधन झालेली आहे. मिनोरी थोर वीर होत नाही. ती शिकते, चुकते, भावाकडे लक्ष ठेवते, मदत मागताना लाजते. खऱ्या जगात चाकाच्या खुर्चीत असलेला तोउया येथे धावू शकतो, आणि म्हणून सुटका हा शब्द त्याच्यासाठी इतरांइतका सोपा नाही. मोठे खेळाडू अखेर परिषद स्थापून कायदे करतात, त्यामागे या मुलांची सुटका हे एक प्रमुख कारण असते. यंत्राने नाकारलेले कच्च्या लिंबाचे स्थान समाज परत देतो.

६

या दीर्घ प्रवासातून एक निकष हाती लागतो. व्हिडिओ गेममधील बालपात्राबाबत ‘मुले अशी बोलतात का’ हा प्रश्न दुय्यम आहे. त्याहून महत्त्वाचे प्रश्न तीन : सवलत हरवल्याचे त्या पात्राला जाणवते का? ती परत मिळवण्यासाठी ते काही करते का? आणि ते करीत असताना भोवतालचे मोठे काय करतात, याकडे कथेचे लक्ष आहे का? ॲलिस, जॉनी, एन्डर आणि मिनोरी या कसोटीला उतरतात. किरितो आणि युई कमी पडतात. कालानुक्रमाने ही कसोटी अधिकाधिक तिसऱ्या प्रश्नाकडे झुकत गेली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

बालपण ही इतिहासक्रमात घडलेली कल्पना आहे असे फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये प्रतिपादन केले. त्यांच्या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी तिच्यातील इशारा अजून बाद झालेला नाही. ‘मुले अशी नसतात’ असे वाचक ठामपणे म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो मुलांविषयी बोलत नसतो. मुलांविषयीच्या आपल्या सोयीच्या चित्राचे रक्षण करीत असतो. एन्डर अविश्वसनीय ठरला की त्याची हाक ऐकण्याची जबाबदारीही उरत नाही. अंगणातल्या खेळात ‘टाइमप्लीज’ ऐकू न आल्याचे सोंग करणाऱ्याला मुले रडीचा डाव खेळतो असे म्हणतात. समीक्षेनेही हे दूषण आपल्याला लागू नये एवढी काळजी घ्यावयास हवी.